बखळीतली गाडी

आमच्या घराच्या डाव्या अंगाला एक मोकळी जागा आहे. गल्लीत तिला सगळे बखळ म्हणतात. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर ती आमच्या नावावर आहे, पण हे कुणाला सांगितलं तर ‘असंल की’ एवढंच उत्तर येतं. लग्नाचा मांडव बखळीत, पोरांचा फुटबॉल बखळीत आणि उन्हाळ्यात, वर्षाच्या चटणीसाठी आणलेली मिरची वाळत घालायची तीही बखळीत.

गेल्या वर्षी आम्ही गाडी घेतली. सुरुवातीला ती रस्त्यावर उभी राहायची. फुटबॉल लागून तिचा एक आरसा गेला, तेव्हा मी ठरवलं की गाडी आपल्या स्वतःच्या जागेत लावायची. कुठलंही काम आधी नीट समजून घेऊन करायची मला सवय आहे. बखळ म्हणजे नेमकं काय ते माहीत असलं की वाद कमी होतील, अशा हिशेबानं मी पहिल्यांदा शब्दकोश उघडला.

कोशात दोन अर्थ सापडले. एक, घराघरांच्या मध्ये राहिलेली मोकळी जागा. दुसरा, घर पडून मोकळी झालेली जागा. आम्हाला दोन्ही लागू होते, कारण सासऱ्यांच्या लहानपणी इथं गोठा होता आणि तो एका पावसाळ्यात बसला. मालकीबद्दल मात्र कोश गप्प होता. शब्द आला कुठून, तेही माझ्याजवळच्या कोशांत मिळेना. मग विचारत सुटले. आमचे हे म्हणाले, “बगलेतली जागा ती बखळ.” हे बँकेत आहेत, पण माहीत नसलेली गोष्ट सांगताना वकिलाचा आवाज लावतात. समोरच्या वहिनींचं माहेर सीमेपलीकडं, कर्नाटकात. त्या म्हणाल्या, “आमच्याकडं मोकळ्या रानाला बयलु म्हणतात. तुमची बखळ तिकडनंच आल्या बघा.” बक्कळ म्हणजे पुष्कळ, तो शब्द हिचा भाऊ की नुसता शेजारी, याचाही पत्ता लागला नाही. मी आखलेल्या तक्त्यात व्युत्पत्तीचा रकाना शेवटपर्यंत मोकळा राहिला. बखळीच्या बाबतीत ते शोभूनही दिसलं.

शेवटी शेजारच्या काकूंकडं गेले. त्या एकट्याच राहतात. लेकी पुण्या-मुंबईला, आणि त्यांच्या घरी वर्षभर काकूंचीच चटणी. मिरचीची देठं मोडता मोडता त्या म्हणाल्या, “शब्दाला काय आई-बाप लागत्यात व्हय? जिथं आपण जाऊन बसतो, ती बखळ.”

“पण काकू, जागा आमची आहे.”

“तुमचीच हाय की. न्हाय कोण म्हणतंय? तू बी येऊन बस.”

गाडीचं सांगितल्यावर मात्र त्यांचा हात थांबला. “आणि मिरची?”

प्रश्न रास्त होता. मिरचीत ओल राहिली तर कांडून आणलेली चटणी बुरसते आणि लेकींचे डबे जात नाहीत. काकूंचं अंगण भावाभावांच्या वाटणीत दिराच्या भिंतीखाली गेलं होतं, आणि गच्चीवर चढायला गुडघे तयार नव्हते. त्यांना ऊन मिळायचं ते बखळीतच.

मी तोडगा काढला. अर्धी बखळ गाडीला, अर्धी मिरचीला. जागा कमी पडू नये म्हणून प्रत्येक घराला वेगळे दिवस. वेळापत्रक टाइप केलं आणि घरोघरी दिलं. सगळ्यांनी ‘बरं की’ म्हणून फ्रिजवर लावलं. इतक्या सहज मान्य झालेल्या गोष्टीचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

एक गोष्ट मी धरलीच नव्हती. दरवर्षी सगळ्यांची मिरची एकदमच पसरलेली असायची आणि राखणीला कुणी तरी एकच बसायचं. एकीचा स्वयंपाक राहिला की ती उठायची, दुसरी येऊन बसायची. आता ज्याची मिरची त्याची राखण. माझ्या दिवशी मी छत्री घेऊन सकाळपासून एकटी बसले. फोन घ्यायला आत गेले, तेवढ्यात एक शेळी सतरंजीवरून इकडून तिकडं फिरून गेली.

समोरच्या वहिनी दारातून म्हणाल्या, “एकट्याच वं?”

“आज माझा दिवस आहे ना.”

“व्हय की, तुमचा न्हाय का आज,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग काकूंचा दिवस आला. दुपारी जोतिबाच्या डोंगराच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि वारं सुटलं. काकूंनी हाक दिली, “आलं गं, आलं.” एरवी या हाकेला अख्खी गल्ली धावते, कुठली मिरची कुणाची हे न बघता. त्या दिवशी दारं बंद होती. दिवस काकूंचा, म्हणून बाकीचे बाजारात, नाही तर झोपलेले. मी रजेवर होते म्हणून ऐकलं. धावत गेले तर काकू एका जुन्या साडीची दोन टोकं धरून वाऱ्याशी झुंजत होत्या आणि उरलेल्या दोन टोकांवरून मिरची उडत होती.

त्यांच्या घरापर्यंत ओझं न्यायला वेळ नव्हता. हाताशी होती ती गाडी. मी मागचं दार उघडलं.

“अगं, नवी हाय ती.”

“टाका आत.”

“मागनं बोलशील.”

“काकू, टाका.”

मागची सीट भरली, डिकी भरली. शेवटचं गाठोडं पायाशी घेऊन आम्ही दोघी पुढं बसलो आणि टपावर गारा वाजायला लागल्या. काचा बंद, आत तेवढी मिरची. आम्ही आळीपाळीनं शिंकत होतो. डोळे पुसत काकूंनी विचारलं, “तुझ्या कागदावर गारांचा दिवस कुणाचा लिवलायस?”

उत्तरादाखल मी शिंकले.

मिरची कोरडी राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन पडलं आणि काकूंनी साडी पसरली. थोड्या वेळानं समोरच्या वहिनी आपली सतरंजी घेऊन आल्या, त्यांच्यामागून बाकीच्या. दिवस कुणाचा हे कुणी विचारलं नाही. फ्रिजवरचे कागद कधी निघाले ते मला कळलं नाही. आमच्या फ्रिजवरचा मीच काढला. गाडी तेवढी बखळीतच राहिली, कोपऱ्यात, भिंतीला लागून. तिची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असते आणि आभाळ आलं की कोण येऊन घेतं याची मी नोंद ठेवत नाही.

काकूंचे डबे वेळेवर लेकींकडं गेले. गाडीतला वास मात्र गेलेला नाही. परवा काकूंना घेऊन हुपरीच्या लग्नाहून परतताना यांच्या ओळखीचे एक पाहुणे आमच्याबरोबर आले. एसी लावल्या लावल्या त्यांना शिंका सुरू झाल्या. रुमाल काढत ते म्हणाले, “गाडी नवी दिसत्या. कुणाची हो?”

हे तोंड उघडणार, तेवढ्यात पुढच्या सीटवरून काकू म्हणाल्या, “आमच्या बखळीतली हाय.”