विचारून जायची बाग

शिष्टरबाईंच्या बागेतून पहिली पायवाट मी पाडली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी इतरांना नावं ठेवायला लागलो की माझी लायकी तुम्हाला ठाऊक असेल.

त्यांचं नाव पंचफुलाबाई सोनकांबळे. मूळच्या नायगावकडच्या. लातूरच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी अठ्ठावीस वर्षं नर्सची नोकरी केली. खेड्यातल्या बायांनी सिस्टरचं शिष्टर केलं आणि ते त्यांना आयुष्यभर चिकटलं. नवरा लवकर गेला. मुलगा नांदेडला नोकरीला. रिटायर व्हायच्या आधी त्यांनी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक प्लॉट घेतला, मागच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या आणि पुढं सगळी बाग केली. मोगरा, शेवंती, कोरांटी, एक लिंबाचं झाड, आणि कडेला पपया. त्यांच्या घराण्यात स्वतःच्या नावावर जमीन असणारी ही पहिली बाई. पहिलं माणूस म्हटलं तरी चालेल.

बागेला कुंपण नव्हतं. मी शेजारी राहायचो, शाळेत मास्तर होतो आणि रोज सकाळी मला उशीर व्हायचा. गल्ली वळसा घालून मोठ्या रस्त्याला लागते. बागेतून तिरपं गेलं की दोनशे पावलं वाचतात. बाई तेव्हा नोकरीवर असायच्या, सकाळच्या एसटीने खेड्यावर जायच्या. मी सायकल हातात धरून शेवंतीच्या ताटव्याला लागून निघायचो. एक-दोन वर्षांत माझ्या चाकाची रेघ तिथं उमटली. माझी बायको शांतम्मा निलंग्याकडची, तोंडावर बोलणारी. ती म्हणायची, "बाईच्या घरात शिरून राहिलाव तुम्ही रोज." मी म्हणायचो, घरात कुठं, बागेत.

मग लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला, पेढे वाटले आणि कचेऱ्यांना जागा कमी पडायला लागल्या. ज्याच्या घराला चार खोल्या जास्त, त्याच्याकडं साहेब भाड्यानं. आमच्या मागच्या गल्लीतही एका दुमजली घरात कचेरी आली. रोजगार हमीच्या कामांचे अर्ज तिथं घ्यायचे. दोन वर्षं फारसं कुणी फिरकलं नाही. पण त्यानंतर पाऊस रुसला, एक वर्ष नाही, लागोपाठ दोन वर्षं, आणि खेड्यांतून माणसांची रांग लागली. एसटी स्टँडवरून आलेला माणूस मोठ्या रस्त्यानं येई, समोर माझ्या सायकलची रेघ दिसे, रेघेच्या पलीकडं कचेरीची पाटी दिसे. तो सरळ चालू लागे. त्याचं काय चुकलं?

बाई तोवर रिटायर होऊन घरी बसल्या होत्या. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. नहाणीचं पाणी, भांड्याचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं त्या एका डब्यात साठवायच्या आणि तांब्यानं मोजून झाडांना घालायच्या. अशा जपलेल्या शेवंतीवरून दिवसाला पन्नास-साठ माणसं जायला लागली तर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? सकाळपासून त्यांचा आवाज आमच्या घरात ऐकू यायचा.

"ओ पाव्हणं! रस्ता हाय का ह्यो? डोळे हायेत का न्हाईत?"

पाव्हणं घाबरून पळायचं, ते नेमकं मोगऱ्यावरून.

त्यांनी बाभळीच्या काट्या आणून लावल्या. त्या दोन दिवसांत कुणीतरी चुलीला नेल्या. दगड मांडले. लोक त्यांवर बसून भाकरी खायला लागले. भिंत घालावी म्हणून नगरपालिकेत गेल्या, तर तिथल्या कारकुनानं सांगितलं, शहराची नवी मोजणी चालू आहे, हद्द कायम होईपर्यंत बांधकाम करू नका.

मोजणीचं ऐकून बाईंनी आनंदानं मान हलवली आणि घरी आल्या. हद्द ठरली की भिंत, एवढंच त्यांच्या मनात. पण गल्लीत व्यंकटराव होते, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. ते दुपारी आमच्या ओट्यावर बसायचे. ते बागेकडं बघून चुकचुकले.

"शिष्टरबाई, मोजणीदार आला आणि ही ठसठशीत पायवाट त्यानं बघितली, तर नकाशात वहिवाटीचा रस्ता म्हणून लिहील. एकदा कागदावर रस्ता आला की बाग गेली. मध्यातून गेली. राहील त्यात कोथिंबीर लावा."

बाई मटकन ओट्यावर बसल्या. मी तिथंच होतो. रस्ता कुणी पाडला हे सांगायला तोंड उघडलं नाही. शांतम्मानं आतून माझ्याकडं असं बघितलं, की मी चहाचा कप उचलून परत तसाच ठेवला.

"मग करू काय? दिसभर वरडून ऱ्हायले मी," बाई म्हणाल्या.

"ओरडू नका. भांडून गेलेला माणूस म्हणतो, मी हक्कानं गेलो. त्याला विचारायला लावा. ज्यानं जाऊ का म्हणून विचारलं, त्यानं जागा तुमची आहे हे कबूल केलं. परवानगीनं गेलेल्याची वहिवाट होत नाही."

तोडगा सोपा होता. पैसा लागत नव्हता, दगड लागत नव्हते. पण बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "माझी माय गावात शिरताना वेशीपाशी उभी ऱ्हायची. येऊ का मायबाप, म्हणून लांबूनच हाक द्यायची. उत्तर येईस्तोवर उभंच. डोक्यावर भारा असला तरी उभंच. मी लहान व्हते, तिचं लुगडं धरून मी बी उभी. आन् आता मी दुसऱ्याला तसंच उभं करू?"

आमच्या घरातल्या कुणाला कधी असं उभं राहावं लागलं नव्हतं, आणि ज्यांच्या उत्तरासाठी बाईंची माय वेशीपाशी उभी राहायची त्यात आमच्यासारखेच कुणी असणार, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाई बागेच्या तोंडाशी लिंबाच्या सावलीत स्टूल टाकून बसलेल्या. पांढरं पातळ, शेजारी माठ, माठावर तांब्या. रात्रभर विचार करून त्यांनी स्वतःचा कायदा केला होता. माणसानं विचारायचं. विचारलं की लगेच जा म्हणायचं. कुणालाही उभं ठेवायचं नाही. आणि जाताना घोटभर पाणी द्यायचं, पण प्यायचं ते शेवंतीच्या वाफ्यावर वाकून, ओंजळीनं. ओंजळीतून सांडेल ते शेवंतीला.

"त्येला बी तहान भागंल, हिला बी," त्या मला म्हणाल्या.

पहिले दोन दिवस लोकांना काही कळेना. कुणी रागावलं, कुणी हसलं. मग एसटीतूनच निरोप फिरला असावा. खेड्यातली माणसं बागेपाशी येऊन आपसूक थांबायची. "शिष्टरबाई, जाऊ का?" शब्द पुरा व्हायच्या आत बाईंचं उत्तर, "जा बाबा जा, पानी पिऊन जा." काही बायांना त्या ओळखायच्या, त्यांची बाळंतपणं त्यांनीच केलेली. एखादा म्हातारा आधी आडनाव विचारायचा आणि मग तहान नाही म्हणायचा. ओठ फाटलेले असायचे, तरी तहान नाही. बाई त्यालाही जा म्हणायच्या, तेवढ्याच लगेच. मला त्या म्हाताऱ्यांचा भयंकर राग यायचा. बाईंना येत असेल तर त्यांनी दाखवला नाही.

मी मात्र बाई रिटायर होऊन घरी बसल्यापासून वळसाच घालत होतो, तो तसाच घालत राहिलो. विचारायचं धैर्य नव्हतं. इतकी वर्षं न विचारता गेलेला माणूस आता कोणत्या तोंडानं विचारणार?

मार्चमध्ये नोटीस आली. अमुक तारखेला मोजणी, मालकानं हजर राहावं, शेजाऱ्यांनी पंच म्हणून यावं. शेजारी म्हणजे मी. मला चार दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी शांतम्मा म्हणाली, "विचारलं तर खरं सांगा. खोटं बोललात तर तुमच्या पोरांना शाळेत काय शिकवणार?"

त्या दिवशी बाई पहाटेच उठल्या. कागदांची पिशवी मांडीवर, नजर मोठ्या रस्त्याकडं. साहेब जीपमधून येणार, सोबत साखळी धरणारी माणसं असणार, असं त्यांनी मनात पक्कं केलेलं. दहाच्या सुमारास मागच्या बाजूनं, कचेरीकडून, एक घामाघूम माणूस आला. खांद्याला झोळी, हातात वहीचं बाड. तो सरळ ताटव्यात शिरला आणि त्याचा बूट एका शेवंतीवर पडला.

"ओ! ओ पाव्हणं!" बाई स्टुलावरून उठल्याच. "कुठं निघालाव? पाय उचला आधी!"

तो दचकला. "रस्ता आहे ना हा?"

"रस्ता न्हाई, माझी बाग हाय. रस्ता तिकडं गल्लीतून. हितून जायचं तर इचारून जायचं. समदे इचारतेत, तुम्हाला काय शिंगं फुटलीत?"

त्या माणसानं बूट उचलला, वाकून झाड सरळ केलं आणि म्हणाला, "बरं. जाऊ का?"

"जा," बाई लगेच म्हणाल्या. "पानी प्या. असं वाकून, वाफ्यावर."

तो वाकला, ओंजळीनं पाणी प्याला, तोंड पुसलं. मग झोळीतून कागद काढला. "मला जायचं नाही बाई. मी मोजणीला आलोय. माणसं मागून येताहेत."

बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. मी ओट्यावरून हे सगळं पाहत होतो. आता संपलं, असं मला वाटलं. ज्याच्या हातात बाग, त्याचीच शिंगं काढली! मी धावत गेलो, काहीतरी सारवासारव करायला लागलो, तर त्यानं हात वर केला.

"तुम्ही पंच का? थांबा."

तेवढ्यात रस्त्याकडून तीन माणसं आली. पुढं एक म्हातारा, सटवाजी नावाचा, उमरीकडचा, पोटासाठी लेकीकडं येऊन राहिलेला. महिनाभर कामासाठी खेटे घालत होता. तो बागेच्या कडेला थांबला. "शिष्टरबाई, जाऊ का?" बाईंनी नुसता हात हलवला.

मोजणीदारानं सटवाजीला विचारलं, "बाबा, हा रस्ता सरकारी आहे का?"

"न्हाई सायब. बाईची जागा हाय. इचारलं की जाऊ देती. पानी बी देती."

मोजणीदार वाकला आणि पायवाटेची माती अंगठ्यानं दाबून बघितली. "पण ही वाट जुनी आहे. कचेरी चार वर्षांच्या आतली. माती त्याच्याही आधीपासून दबलेली दिसते." तो माझ्याकडं वळला. "गुरुजी, तुम्ही इथं किती वर्षं?"

"आठ."

"इथून कोण जायचं?"

शांतम्मा दारात उभी होती. बाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं, किंवा मला तेव्हा तसं वाटलं.

"मी," मी म्हणालो. "सायकल घेऊन. रोज."

"हक्क समजून?"

हो म्हटलं असतं तर माझी दोनशे पावलं सरकारी कागदावर कायमची वाचली असती. तसं मनात आलं, हे लपवत नाही.

"नाही साहेब. बाई कामावर गेल्या की जायचो. त्यांना कळू नये म्हणून. चोरून."

वर्गात आयुष्यभर पोरांना कोंबडा केला, पण स्वतः असा उभा मी कधी राहिलो नव्हतो. कान तापले. मोजणीदारानं लिहिता लिहिता मान वर केली नाही. "चोरून गेल्याची वहिवाट होत नसते," तो म्हणाला, "आणि विचारून गेल्याचीही नाही."

साखळीवाली माणसं आली. दुपारपर्यंत मोजणी झाली. सही करायला कागद पुढं आला तेव्हा बाईंनी चष्मा घातला आणि एक एक अक्षर मोठ्यानं वाचलं. मालक, पंचफुलाबाई. पुढील मोकळी जागा, बाग, खाजगी. रस्ता नाही. "रस्ता न्हाई" त्यांनी दोनदा वाचलं. सही केली आणि तिथंच वाफ्याच्या कडेला बसून रडल्या, हसल्याही. शांतम्मानं त्यांना माठातलं पाणी दिलं. त्याही वाकून, ओंजळीनंच प्याल्या. माझ्या छातीवरचाही धोंडा उतरला. चार दिवसांनी पहिल्यांदा मला भूक लागली, आणि मी तीन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सकाळची. मी सायकल काढली, गल्लीच्या वळशापर्यंत गेलो आणि परत फिरलो. बाई स्टुलावर होत्या. बागेच्या कडेला मी थांबलो.

"शिष्टरबाई, जाऊ का?"

जा आलं नाही. बाई मोगऱ्याची वाळकी पानं खुडत राहिल्या. माझ्यामागं दोन बायका आल्या, त्यांनी विचारलं, बाईंनी त्यांना लगेच सोडलं. लांबून शाळेची पहिली घंटा ऐकू आली.

"बाई, उशीर होतोय."

"आठ वर्साचं हाय गुरुजी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "थोडं उभं ऱ्हावा."

मी उभा राहिलो. त्या बागेच्या तोंडाशी उभं राहावं लागलेला मी एकटाच माणूस. दुसरी घंटा झाली तेव्हा बाईंनी तांब्या उचलला आणि वाफ्याकडं बोट केलं.

"जा आता. पानी पिऊन जा."

मी सायकल लिंबाला टेकवली आणि शेवंतीवर वाकलो.