उतेकरांच्या मागच्या खोलीतला लेपर्ड

पडदा वर जातो तेव्हा समोर दिसतं पोलादपूरच्या कडेला असलेल्या उतेकरांच्या घराचं मागचं अंगण. एका बाजूला धुण्याची दोरी, दुसऱ्या बाजूला पपईचं झाड, मधोमध पाटा-वरवंटा. सकाळचं कोवळं ऊन. पाट्यापाशी तुळसाबाई उभ्या, हातात नारळ. नारळ त्या कानाशी धरून हलवतात, पुन्हा हलवतात, आणि मग मान वळवून ज्या दुकानातून तो आणला त्या दुकानाच्या दिशेला बघतात. झालं. एवढ्या एका बघण्यात अख्खी बाई कळावी. भल्याभल्या नटांना असा प्रवेश साधत नाही.

तुळसाबाईंना संशय यायचा. मन वाईट नव्हतं, फक्त कुठलीही गोष्ट दिसते तशी घ्यायची त्यांना सवय नव्हती. दूध आलं की बोट बुडवून बघायच्या. एसटीतलं तिकीट उजेडाला धरायच्या. पाहुणा 'जेवून आलोय' म्हणाला की त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघायच्या आणि गुपचूप ताट वाढायच्या. बहुतेक वेळा पाहुणा खरोखरच उपाशी असायचा.

त्यांना कुणी हसायची सोय नव्हती. एका पावसाळ्यात, वरून धार लागलेली असताना, घरामागचा ओहोळ एकाएकी आटला. सगळे म्हणाले, बरं झालं. तुळसाबाई म्हणाल्या, "पाणी गेलं कुठं?" आणि नवऱ्याला, गुरांना, शेजाऱ्यांना ओढत शाळेत नेऊन बसवलं. दुपारी दरड खाली आली. गोठा गेला, गुरं वाचली. तेव्हापासून आळीत कुणाला त्यांच्या संशयाला हसू आलंच, तर तो आधी आजूबाजूला बघून घ्यायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी समीक्षा वनरक्षक झाली होती. नेमणूक वरंधच्या बाजूला. नोकरी अजून पक्की नव्हती. वरिष्ठांचा एक वाईट शेरा पडला असता तर पोरगी खाकी उतरवून घरी आली असती. अभ्यासासाठी पोरीने काय काय सोसलं ते तुळसाबाईंनी बघितलं होतं. म्हणून देवापुढे बसल्या की त्या दुसरं काही मागायच्या नाहीत.

मागच्या खोलीत भाडेकरू होता सुहास तांबे. मूळ महाडचा, चवदार तळ्याच्या मागचा. महाडातच कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला. भावाच्या पोरांनी एकदा त्याच्या टेबलावरचं सामान पळवलं, तेव्हापासून तो इथे वेगळी खोली घेऊन राहायचा. अबोल माणूस. खोलीला कायम कुलूप, आत रंगाचा उग्र वास, आणि दर थोड्या दिवसांनी येणारी खोकी. तुळसाबाईंची कवळी त्यानेच बनवून दिली होती. छान बसली होती. तरी हा माणूस आपल्याला एवढी चांगली कवळी का देतो, हा प्रश्न त्यांच्या मनात होताच.

एका रविवारी सकाळी त्या पाट्यावर वाटण वाटत होत्या. खोलीची खिडकी उघडी होती आणि सुहास पुण्याच्या कुणा हर्षदशी फोनवर बोलत होता.

"लेपर्ड झाला रे जवळजवळ. डोकं तेवढं बसवायचं राहिलंय. कातडं पुढून जाड हाय, मागून पातळ. ठिपके आज मारतो. दात? दात मी स्वतः घासलेत, एकेक. कुणाला संशयसुद्धा येणार नाय."

वरवंटा थांबला.

"दुसरा बिनडोक्याचा करतो," सुहास म्हणाला. "मागणी दोन्हींना हाय. पण इकडे कुणाला सांगू नको, लोक उगाच नको ते विचारतात."

लेपर्ड म्हणजे बिबट्या, हे वनरक्षकाच्या आईला कुणी शिकवायला नको होतं. बिबट्याच्या कातड्यापायी माणसं तुरुंगात जातात हेही समीक्षानेच जेवताना सांगितलं होतं. आणि आता बिबट्या समीक्षाच्याच घरात, आईच्या नावावरच्या घरात! तुळसाबाईंनी वाटण तसंच सोडलं. आत आल्या, आरशासमोर उभ्या राहिल्या, आ वासला. दात स्वतः घासलेत. एकेक. त्यांनी कवळी काढली आणि रुमालात बांधली.

नवरा, महिपती, पेपर वाचत होता. त्या त्याच्या कानाशी लागल्या.

"अवो, आपल्याकं भिभत्या हाय."

"काय हाय?"

"भिभत्या!"

"अगो, दात लाव आधी."

"तेच तर! दात त्याचंच असतील तर?"

सगळं ऐकून झाल्यावर महिपती म्हणाला, "तुझ्या तोंडात बिबट्याचं दात असतं तर मी आजवर जिता राहिलो असतो?" पण हसला नाही. ओहोळ त्यालाही आठवत होता. "पोरीला सांगू नको," तो शेवटी म्हणाला. "सुहासलाच सांगू, खोली सोड बाबा, जा तुझं जनावर घेऊन. आपण काय बघितलं नाय."

तुळसाबाई दिवसभर विचार करत होत्या. सांगितलं तर पोरीच्या घरात गुन्हा निघतो. नाही सांगितलं आणि उद्या उघडकीला आलं, तर पोरीनेच लपवला असं लोक म्हणणार. सुहास समोरून गेला, "काकी, बरं नाय का वाटत?" म्हणाला, तेव्हा त्यांना त्याच्या बोटांवर पिवळे-काळे डाग दिसले. डाग बघितले आणि त्यांचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी वडापच्या खचाखच भरलेल्या जीपमध्ये बसून त्या वरंधला गेल्या. समीक्षा चौकीबाहेर झाडांना पाणी घालत होती. तुळसाबाईंनी रुमाल सोडला, कवळी तिच्या हातावर ठेवली आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं.

समीक्षा हसली नाही, चिडली नाही. एवढंच विचारलं, "खिडकीतून आत बघितलंस?"

"नाय."

"आई, घरी जा. त्याच्याशी नेहमीसारखं बोल. कुणाला काही सांगू नको." आणि कवळी आईला परत देत म्हणाली, "ही लाव. हे प्लास्टिक आहे."

पोरगी एवढी शांत का, या विचारात तुळसाबाईंना परतीच्या रस्त्यावर घाटही दिसला नाही.

पुढच्या सकाळी दारात खात्याची जीप थांबली. समीक्षा उतरली, आणि तिच्या मागून तिचे साहेब, वनपाल विनीत. तुळसाबाईंच्या लक्षात आलं. पोरीने साहेबाला सांगितलं होतं. स्वतःच्या घराचं नाव घेऊन.

सुहास कामाला निघायच्या तयारीत होता. खाकी बघून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"लेपर्ड कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"म्हणजे आहे."

सुहासने कपाट उघडलं. सगळे पुढे सरकले, तुळसाबाई नवऱ्याच्या मागे. आत वीतभर लांबीचा एक रणगाडा उभा होता. हिरव्या-पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचा. वरचा तोफेचा बुरूज, म्हणजे त्याचं डोकं, शेजारी काढून ठेवलेला; अंगावरचा चिलखती पत्रा पुढून जाड, मागून पातळ. पट्टा ओढणाऱ्या चाकाला बारीक बारीक दात.

"हा लेपर्ड," सुहास म्हणाला. "जर्मनांचा. महायुद्धातला."

मग महिपतीला ठसका लागला आणि साहेब खाली वाकून चाकांना हात लावू लागले.

"याचं काम काय होतं?" त्यांनी विचारलं. आवाजातला साहेब गेला होता.

"टेहळणी. पुढे जायचं, शत्रू कुठे हाय ते बघायचं, मागे येऊन सांगायचं. पण आराखडे काढता काढता वजन वाढत गेलं. टेहळणीला जड आणि मोठ्या लढाईला हलका. मग जर्मनांनी बेत सोडला. हा कधी बनलाच नाय."

"बघायचं, ऐकायचं, येऊन सांगायचं," महिपती म्हणाला. "आणि वजन वाढलेलं. अगो, हा तर तूच हायस."

तुळसाबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्या आता पुढे आल्या होत्या.

"बनलाच नाय म्हणतोस?"

"नाय काकी."

"मग ही नक्कल कशाची?"

"थोडे आराखडे सापडतात. बाकी... अंदाज."

"आणि तो बिनडोक्याचा?"

"तो तर आराखड्यातही धड नाय. असता तर कसा असता, ते बनवायचं. आमच्यासारखे दोघं-चौघं हायत, एकमेकांना बनवून देतो, दाखवतो. लोकांना सांगितलं तर हसतात, म्हणून गुपचूप."

"जे जल्माला आलं नाय, त्याचं कातडं पुढून जाड नि मागून पातळ, हे तुला कुणी सांगितलं?"

सुहासने कपाटातून भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. "तुम्हीच बघा काकी. चुकलं असेल तर सांगा." तुळसाबाईंनी भिंग घेतलं आणि रणगाड्याभोवती फिरून फिरून तो नारळासारखा तपासला.

चहा झाला. साहेब निघाले, तेव्हा दाराशी थांबून महिपतीला म्हणाले, "काल संध्याकाळी ही माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, साहेब, घर आईच्या नावावर आहे, गरज पडली तर आधी तिचा जबाब घ्या. बिबट्या निघाला नाही ते बरंच झालं. पण शेरा मला काय लिहायचा ते कळलं. हिची नोकरी आता कुठे जात नाही."

महिपतीने डोळे पुसले. समीक्षा मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसली, बांधलेलीच. तुळसाबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पोरीची हनुवटी वर केली, निरखून बघितलं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

"आईच्या घरावर छापा घातलास, आणि आईला पत्ता नाय," त्या म्हणाल्या. "बरं केलंस. पण आता खरं सांग गो, आणखी काय काय लपवतेस माझ्यापास्नं?"