माश्यांच्या लॅबमधली माणसं

किस्से काय, रोज घडतात. पण ते घरी जाऊन सांगायला माणूस लागतं. बायको, सुनंदा, जाऊन तीन वर्षं झाली, लेक नाशिकला. मग किस्से साचतात, आणि तुमच्यासारखं कुणी सापडलं की त्याच्या गळ्यात पडतात.

तर मी मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत घरमाश्या वाढवतो. हसू नका! मादीच्या अंगावर मेणासारखा थर असतो, त्याच्या वासाला भुलून नर येतो. तो वास आम्ही बनवतो, माश्या मारायच्या दाण्यांत घालायला. सोसायटीत हे कळल्यापासून माझ्याकडे चहाला कुणी येत नाही.

*

नर-मादी वेगळे करायचं काम सुलभाताई पाटलांचं. माश्या फ्रिजमध्ये गारठवायच्या आणि भिंगाखाली डोळे बघायचे. नराचे खेटून, मादीचे लांब लांब. नव्या मॅनेजरनं विचारलं, नराचे एवढे जवळ का? ताई मान वर न करता म्हणाल्या, "त्याला बायकोशिवाय दुसरं काय बघायचंय!" त्यानं ते प्रेझेंटेशनमध्ये टाकलं.

*

टेस्टिंगला बुटाच्या काळ्या नाडीची गाठ मारून तिला वास लावतो. नर येऊन गाठीवरच झडप घालतात. एकदा एक नर तासभर गाठ सोडेचना. मी चिमटा उचलला, तर ताई म्हणाल्या, "राहू द्या साहेब. त्याला कुठं माहितेय?" त्या दिवशी मला डबा गेला नाही.

*

लेकीनं ठरवलं, बाबांनी पुन्हा लग्न करायचं. पहिल्या भेटीत मी उत्साहानं बाईंना माश्यांचे फोटो दाखवले. त्यांनी बटाटेवडा अर्धा ठेवला. लेकीनं फोनवर तंबी दिली, यापुढे माशी हा शब्द काढायचा नाही. मी कबूल केलं. खरं सांगतो, एकट्यानं जेवायचा मला वीट आलाय.

*

दुसऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. नौपाड्यातल्या हॉटेलात भेटायचं ठरलेलं, मी कामावरून थेट गेलेलो. शब्द पाळून गुडघेदुखीवर बोलत होतो, तेवढ्यात बाहीवर एक माशी बसली. मग दुसरी. पाच झाल्या तेव्हा आठवलं, दुपारी वासाची बाटली सांडलेली ती याच बाहीवर! वेटर फडकं घेऊन धावला. बाई बघतच राहिल्या. गेलं हेही स्थळ, म्हटलं, आणि तोंडातून निघून गेलं, "घाबरू नका, सगळे नर आहेत."

बाईंनी वेटरला हातानं थांबवलं.

"बसू द्या," त्या म्हणाल्या. "मी कोलशेतला सतराव्या मजल्यावर राहते. तिथं माशीसुद्धा येत नाही."