पुंजाराम खडपाचं नाव बोलला नाही

पुंजाराम आणि कमलाकांत तारापूरजवळच्या एकाच कोळीवाड्यातले. पोहायला एकत्र शिकले, पण समुद्र कळला तो पुंजारामला. पाण्याचा रंग बघून तळाला चिखल आहे की वाळू, हे तो लहानपणापासून सांगायचा. कमलाकांतला होडीत उलट्या व्हायच्या. तरी १९८२ साली कोळंबीचा ट्रॉलर दारात आणला तो कमलाकांतनेच.

त्याच पावसाळ्यात पुंजारामची शिडाची होडी कुजून बाद झाली. कमलाकांत त्याच्या ओट्यावर येऊन बसला आणि माझ्या बोटीवर ये म्हणाला. पुंजारामची बायको वत्सला आतून ऐकत होती. नाही म्हणायला जागाच नव्हती.

बोटीवर पाच माणसं, चार-चार दिवसांची फेरी. जाळं वर आलं की फळ्यांवर ढीग ओतायचा, खेकडे-माकुल बाजूला काढायचे, मोठी कोळंबी बर्फात घालायची. जेवणापुरती कोळंबी कमलाकांत स्वतः रांधायचा. लसूण, हळद, तिखट, चिंचेचा कोळ, दुसरं काही नाही. सगळे एका परातीभोवती बसून बोटं चाटायचे. पुंजारामलाही ते कालवण आवडायचं, आणि आवडतं याचाच त्याला राग यायचा. सुकाणू याच्या हातात, बोट याची, आणि वर हाताला चवही यालाच.

दुसऱ्या वर्षी कोळंबीच्या मागे जाता जाता बोट बैलखडपाकडे वळली. हा पाण्याखालचा खडक पुंजारामला बापाने दाखवला होता. किनाऱ्यावरची वीजकेंद्राची चिमणी आणि मागचा डोंगर एका रेषेत आले, की खडप जवळ.

सुकाणूवरून कमलाकांतने विचारलं, "पुंज्या, हितं तळ साफ हाय ना?"

चिमणी आणि डोंगर एका रेषेत येत होते.

"असंल," पुंजाराम म्हणाला.

जाळं अडकलं, बोट एका अंगावर कलली. कमलाकांत सुकाणू दुसऱ्याकडे देऊन दोर सोडवायला धावला. दोर तुटून उसळला तो त्याच्या उजव्या हातावर. दोन बोटं गेली. पुंजारामने सुकाणू घेतलं आणि बोट बंदराला आणली. पुंजारामने बोटीच्या मालकाला, नाखव्याला वाचवलं, असं सगळा कोळीवाडा म्हणाला.

कमलाकांतची उरलेली बोटंही पुढे नीट मिटेनात. त्याने सुकाणू पुंजारामच्या हाती देऊन त्याला बोटीचा तांडेल केलं. जे मागून मिळालं नसतं ते मिळालं होतं, पण पुंजारामला जेवण जाईना. रांधायचं कामही त्याच्याकडेच आलं. त्याच्या कालवणाला कुणी बोटं चाटली नाहीत.

तीन वर्षांनी, दुपारी दोघेच बंदरावर जाळं शिवत बसले असताना, त्याने एकदाचं सांगून टाकलं. खडप मला ठाऊक होता, मी बोललो नाही.

कमलाकांत जाळ्याकडेच बघत होता. "मला त्याच दिवशी कळलं," तो म्हणाला. "जाळं अडकायच्या आधीच तू दोन्ही हातांनी कठडा धरला होतास."

"मग मला तांडेल का केलास?"

"तुज्याइतका तळ कुणाला ठावं नाय. चार घरं जगतात या बोटीवर."

पुंजारामला वाटलं होतं, सांगितल्यावर मन हलकं होईल. उलट आग आणखी भडकली. वत्सलाला तो म्हणाला, त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता याही बाबतीत तोच मोठा ठरला.

तरी बोट त्याने सोडली नाही. पुढची नऊ वर्षं तो तांडेल राहिला आणि जाळं एकदाही खडपात गेलं नाही. कमलाकांत बोटीवर यायचाच, चुलीपाशी बसून तिखट किती, कोळ कधी, ते सांगायचा. कालवण हळूहळू जमू लागलं. कमलाकांतला कोळंबी सोलता येत नसे, म्हणून ढिगातली मोठी निवडून पुंजाराम ती सोलून त्याच्या ताटात टाकायचा. टाकताना पोटात जळायचंच, हे तो म्हातारपणीही लपवत नसे.