बिनसाखरेचा सत्कार

माझ्या मधुमेहाचं निदान मंडपात झालं, गळ्यात हार असताना.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मधुमेही मुलांना इन्सुलिन आणि ते थंड ठेवायचे डबे मिळावेत म्हणून आमच्या सिरसाळ्याच्या डॉक्टर मीराबाईंनी सायकल राईड ठरवली होती. सहा महिन्यांनी बीडहून कपिलधारच्या देवस्थानाला जायचं आणि तोवर दर रविवारी सगळ्यांनी मिळून सराव करायचा. सरावाच्या उद्घाटनाला मी प्रमुख पाहुणा. मी दोनदा सरपंच झालो, एकदा पंचायत समितीत गेलो आणि जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी बारा वर्षं रांगेत उभा आहे. फीत दिसली की माझा हात आपोआप कात्रीकडे जातो. शेजारीच मोफत शुगर तपासणीचं टेबल होतं. फोटोवाला म्हणाला, आबा, तुमीच पहिलं बोट टोचून घ्या, लोकांची भीती मोडंल.

मी हसत बोट पुढं केलं. फोटो निघाला. मशीनवर आकडा आला तीनशे बेचाळीस. सिस्टरनं आकडा पाहिला, मग मला पाहिलं आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी आकडा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाल्या, "उद्या सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात या." पत्रकारानं विचारलं, किती निघाली? मी म्हणालो, एकदम नॉर्मल. लगेच माईकवर जाऊन व्यायामाचं महत्त्व वीस मिनिटं सांगितलं आणि भाषणाच्या भरात मी स्वतः राईडमध्ये उतरणार असंही जाहीर करून बसलो.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. एचबीए१सी नावाची तपासणी असते. बोट टोचून कळते ती त्या घटकेची शुगर. एचबीए१सी मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही. डॉक्टर म्हणाल्या, सातच्या आसपास हवी. माझी दहा पॉइंट चार.

मग मला डोळे मिटायला सांगून त्यांनी नायलॉनचा बारीक दोरा तळपायांना टेकवायचं ठरवलं. लागलं की हो म्हणायचं. मी वाट बघत पडून राहिलो. बऱ्याच वेळानं विचारलं, बाई, सुरू कधी करणार?

"झालं, आबा," त्या म्हणाल्या. "दहा ठिकाणी लावला. तुम्ही एकदाही हो म्हणाला नाहीत."

याला न्यूरोपथी म्हणतात. जास्त शुगरनं नसा खराब होतात आणि पाय बधिर पडतात. जखम झालेली कळत नाही, ती चिघळते आणि मग बोट, कधी पायही काढायची पाळी येते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं, सायकल चालवा म्हणाल्या, पण रोज पाय तपासून. शुगर खाली आली नाही तर पायाची हमी मी देणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

मी घाबरलो. पण त्याहून जास्त भीती मला तिकिटाची वाटली, हे आज कबूल करतो. आमच्याकडे पुढारी आजारी पडला की लोक आधी हळहळतात आणि लगेच त्याच्या जागी कोण याची चर्चा करतात. त्यातून नाना. नाना माझे वीस वर्षांचे विरोधक. एकमेकांविरुद्ध आम्ही चार निवडणुका लढलो. एकमेकांच्या घरच्या मयतीला जातो, लग्नाला जात नाही. त्यांना कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत तालुक्यात माझा पाय गुडघ्यापासून कापून झाला असता. म्हणून डॉक्टर, सिस्टर, मी आणि माझी बायको सुमन, एवढ्यांतच ती गोष्ट ठेवली.

रविवारी सकाळी सहाला आम्ही अकरा जण निघायचो. सगळ्यांच्या पुढं गफूरभाई. तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस. त्यांना शुगर होती आणि कुणी विचारलं नाही तरी ते ती सांगायचे. सायकलही ते एसटीसारखीच चालवायचे. वळणावर हात बाहेर, रस्त्यात कुणाशी गप्पा नाहीत, आणि कुणी मागं राहिलं तर पुढचा थांबा येईपर्यंत त्याची चौकशी नाही.

मला चढ जड गेला नाही, सत्कार जड गेले. आबा सायकलवर निघाले म्हटल्यावर फाट्याफाट्यावर माणसं उभी राहू लागली. हार, नारळ, पेढा आणि चहा. आमच्याकडच्या चहात साखर किती असते ते बीड जिल्ह्यातल्या वाचकाला सांगायला नको. नको म्हटलं की लगेच, "कावून आबा, आमच्या घरचा चालंना का?" एका गटाच्या ओट्यावर घेतला की दुसऱ्या गटाच्याही ओट्यावर घ्यावाच लागतो, नाहीतर चार घरं तुटलीच म्हणून समजा. गफूरभाई बाहेर फुटाणे खात उभे राहायचे आणि मी आत मधुमेहाविरुद्ध लढत पेढा तोंडात टाकायचो.

तीन महिन्यांनी एचबीए१सी आली दहा पॉइंट नऊ. डॉक्टर कागद उलटा करूनही पाहू लागल्या. इतकी सायकल चालवून वाढलेली शुगर त्यांना समजेना. मी गोळ्यांवर संशय घेतला. शेजारी सुमन बसली होती.

"बाई, गेल्या रविवारी घरी नऊ हार आलते," ती म्हणाली. "आमच्याकडं हार एकटा येत न्हाई, चहा घेऊनच येतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि बूट काढायला सांगितले. डाव्या पायाच्या मोज्यावर करंगळीपाशी रक्त वाळलेलं होतं. नव्या बुटानं फोड येऊन फुटला होता आणि आत पू धरला होता. मला काहीच कळलं नव्हतं. त्या रक्ताकडे बघताना मला रडू आलं आणि ते मी खोकल्यात घातलं.

बीडच्या एका दवाखान्यात चार दिवस ॲडमिट होतो. शिरेतून औषध, रोज ड्रेसिंग, आणि रोज सकाळी सर्जन येऊन करंगळी दाबून बघायचे आणि "उद्या ठरवू" म्हणायचे. हे दोन शब्द ऐकायला माझी तयारी कधीच झाली नाही. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "राहिली. आता हिला सांभाळा." सुमननं तिथंच सर्जनना हात जोडले.

डिस्चार्जच्या कागदासाठी खाली बसलो होतो. समोरच्या बाकावर एक गृहस्थ तोंडाला उपरणं गुंडाळून बसले होते. तोंड झाकलं तरी नानांचं पोट मी कुठंही ओळखतो. त्यांनीही मला ओळखलं. मेव्हण्याला दाखवायला आलतो, ते म्हणाले. मी म्हणालो, मी मित्राला भेटायला आलतो. माझ्या पायाला पट्टी होती. तेवढ्यात सिस्टरनं दारातून नानांचं पूर्ण नाव पुकारलं आणि विचारलं, जेवणानंतरच्या शुगरचं रक्त द्यायला दोन तास झाले का? नाना उठले आणि मेव्हण्याशिवाय आत गेले. मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिथं काय करत होतो तेही सांगावं लागलं असतं.

पाय बरा झाल्यावर परत सरावाला गेलो. पहिल्याच फाट्यावर चहा पुढं आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नवस हाय. कपिलधारची राईड होईस्तोवर गोड सोडलंय." खोटं बोलायची सवय कधीकधी अशी उपयोगी पडते. नवसाच्या माणसाला आग्रह करत नाहीत. गावोगाव माझा मान वाढला, चहा कोरा आणि बिनसाखरेचा येऊ लागला, आणि पुढच्या तीन महिन्यांत एचबीए१सी सात पॉइंट नऊवर आली. डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, "आणि राईड झाल्यावर काय करणार?"

याचा विचार मी केला नव्हता. गावानं केला होता.

राईडच्या दिवशी कपिलधारला पोचलो तर मंडपात मोठा फलक: आबांचा नवस फिटला. टेबलावर पेढ्यांच्या परड्या, प्रत्येक गावची वेगळी. आता एक पेढा खाल्ला की पुढच्या रविवारपासून सगळे ओटे पुन्हा सुरू होणार, हे मला दिसत होतं. करंगळी बुटात होती, मला तिचा पत्ता लागत नव्हता. निवेदकानं जाहीर केलं की सगळं राजकारण बाजूला ठेवून आबांचं तोंड नानासाहेब गोड करतील आणि आबा त्यांचं करतील.

फोटोवाले पुढं आले. नानांनी पेढा माझ्या ओठांपर्यंत आणला.

"आबा, तुमी खाल्ला की मला खावा लागंल," ते ओठ न हलवता म्हणाले. "सकाळी तीनशे व्हती."

मी त्यांचा हात खाली केला आणि माईक घेतला.

"नवस खोटा व्हता," मी म्हणालो. "मला शुगर हाय. सहा महिन्यांपासून हाय. पायाचं बोट जाता जाता राहिलंय. इथून पुढं मला पेढा देऊ नका, आणि चहा दिला तर बिनसाखरेचा द्या."

माझं तिकीट तिथंच गेलं असं मला वाटलं. मग गफूरभाई उठले.

"आधी कावून बोल्ले न्हाई? मी तीन महिने बाहेर हुबा राहून तुमचे चहा मोजत व्हतो."

लोक हसले, मीही हसलो. पेढे वाटायला घेतले तेव्हा बऱ्याच जणांनी हात मागं ओढले, आणि त्यांत माझे दोन कट्टर कार्यकर्ते होते. नानांबद्दल मी एक शब्द बोललो नाही.

ज्यांना कुणाला पुढंमागं हा आजार निघेल त्यांना एवढंच सांगतो. गोळ्या डॉक्टर सांगतील तशा घ्या, रोज तळपाय बघा, आणि गावाला सांगून टाका. सांगितलं नाही तर गाव मायेनं पाजतच राहतं, त्यात त्याची चूक नाही. तिकिटाचं व्हायचं ते होईल. मीराबाई, तो करंगळी दाबणारा सर्जन आणि हार मोजणारी सुमन, यांचे उपकार मी फेडू शकत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला नाना सायकल घेऊन फाट्यावर उभे होते. पांढरी विजार, नवे बूट. मान खाली घालून त्यांनी विचारलं, तुमची किती? मी म्हणालो, सात पॉइंट नऊ. त्यांची अकरा होती. नानांपेक्षा माझा आकडा कमी आला आणि तरी मला आनंद झाला, असं वीस वर्षांत पहिल्यांदाच घडलं. तो आनंद पहिल्या चढापर्यंत टिकला. वर पोचून मागं पाहिलं तर नाना सायकल हातात धरून चालत येत होते, धापा टाकत, आणि माझं लक्ष त्यांच्या बुटांकडे गेलं. गफूरभाई म्हणाले, चला. मी म्हणालो, थांबा, नाना येऊ द्या.

ते आल्यावर त्यांना दगडावर बसवलं आणि बूट काढायला लावला. वीस वर्षं आम्ही एकमेकांचे पाय ओढले, पण पाय बघायची ही पहिलीच वेळ. बूट उलटा केला तर आतून हरभऱ्याएवढा खडा पडला. नाना त्या खड्याकडे बघत राहिले. त्यांना तो लागलाच नव्हता.

मग त्यांनी दुसरा पाय पुढं केला.