नावावरची लाल रेघ

आधीच सांगते, स्कॅनरची काच पुसली होती. दोनदा. म्हणजे कॉमेंटमध्ये तो सल्ला देऊ नका... भूतबित मी मानत नाही. पणजोबा महूच्या पलटणीत, आम्ही बौद्ध. नवस-अंगारे आमच्या घरात कधी शिरलेच नाहीत. पण हे एक प्रकरण अजून डोक्यात जातं.

नव्वदीचा शेवट. मी इंदूरला भंवरकुआंजवळ एका डीटीपीच्या दुकानात नोकरीला होते. बाबा कापड मिलमध्ये विणकर. मिल बंद होऊन काही वर्षं झाली होती, तरी बाबा रोज सकाळी सातला डबा घेऊन मिलच्या गेटवर जाऊन बसायचे आणि साडेतीनला परत यायचे. रविवारी सुट्टी! काय बोलणार? त्यात धाकट्या बहिणीचं, सुजाताचं लग्न ठरलं. मंगळवारी, सकाळी अकराला. तर बाबा म्हणतात, "पाळी सोडून कसा येऊ, बेटा? छूटल्यावर सीधा येतो नं."

सुजाता रडून रडून बेजार. आई म्हणाली, "यांच्यापुढे डोकं फोडून फायदा नाही."

मला वाटलं, पत्रिकेत मिलचं काही घातलं तर माणूस विरघळेल. ट्रंकेत बाबांनी स्वतः विणलेल्या निळ्या चौकड्यांच्या कापडाचा तुकडा होता. तो स्कॅन केला, 'सुजाता' जाड अक्षरांत टाइप केलं आणि चित्र त्या अक्षरांच्या आत भरलं. कापड फक्त अक्षरांपुरतं दिसतं, बाहेरचं झाकलं जातं. पाच मिनिटांचं काम.

आणि नावाच्या वरच्या रेघेत लाल दोरा! या टोकापासून त्या टोकापर्यंत. कापडात लाल धागा औषधालाही नाही. चित्र खाली सरकवलं — लाल रेघ तिथेच. अक्षरं काढून नुसतं चित्र पाहिलं — स्वच्छ निळं-पांढरं. परत भरलं — हजर! फाइल उडवली, काच पुसली, नव्याने स्कॅन केलं, शेजारच्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. तेच. मालक म्हणाले, "दीदी, बंद करके चालू कर लो." तेही केलं. अख्खी दुपार त्यात गेली.

शेवटी वैतागून तसाच प्रिंट काढला आणि संध्याकाळी बाबांपुढे आपटला. "घ्या! तुमचं कापडही तुमच्यासारखंच हट्टी आहे."

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत राहिले.

"ये किसने डाला?"

"कोणी नाही. आपोआप येतंय."

"पाळी संपली की मी लाल दोरा टाकायचो," बाबा म्हणाले. "आडवा, एकच. इथपर्यंत माझं काम, पुढचं दुसऱ्याचं." बोट रेघेच्या टोकावर टेकवलं. "त्या दिवशी टाकायचा रह गया. भर पाळीत बाहर निकाला सबको, ताला लावला. कापड अजून मागावर तसंच असेल."

हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. आम्ही त्यांच्यावर चिडत राहिलो, विचारलं कधीच नाही, याची मला आजही लाज वाटते.

"मी काढून टाकते ती रेघ," मी म्हणाले.

"हात नको लावू."

दुसऱ्या दिवशी आईने सवयीने डबा भरला. सात वाजले तरी बाबा अंथरुणात. आई घाबरून हलवायला गेली, तर म्हणाले, "सोने दे. पाळी झाली माझी."

पत्रिका रेघेसकट छापल्या. एक अजून माझ्याकडे आहे. लग्नानंतर सहज ती फाइल उघडली, तर नाव नुसतं निळं-पांढरं! मी काहीही केलेलं नव्हतं. कॉम्प्युटरवाल्यांना विचारलं. एक म्हणतो रंगाची सेटिंग, दुसरा म्हणतो व्हायरस. अहो, व्हायरसला बाबांचा दोरा कसा माहीत? उत्तर शोधून शोधून मी दमले आहे.

मंगळवारी अकराच्या आधीच बाबा मांडवात पहिल्या खुर्चीवर जाऊन बसले होते. डबा घरीच ठेवून.