रेक्टरबाईंचा शब्द

आमच्या रेक्टरबाई मुलीच्या चेहऱ्याआधी तिचा गळा बघायच्या. सकाळच्या प्रार्थनेला आम्ही रांगेत उभ्या राहिलो की त्या एका टोकापासून सुरुवात करायच्या आणि प्रत्येकीच्या हनुवटीखाली दोन बोटं घालून जबड्याच्या कडेनं थेट कानापर्यंत चाचपत जायच्या. प्रार्थना चालूच असायची. पहाटेपासून पाण्यात असल्यानं त्यांची बोटं थंडगार असत, त्यामुळे नवीन मुलगी हमखास अंग चोरायची. जुन्या मुली आपणहून मान वर करायच्या आणि तशाच गात राहायच्या. पेणच्या त्या वसतिगृहात आम्ही पाचवी ते दहावीच्या मुली इतक्या दाटीनं राहत होतो, की एकीला खोकला झाला की बघता बघता सगळी खोली खोकायला लागायची. म्हणून बाईंच्या ह्या तपासणीचं कुणाला नवल वाटत नसे.

बाई मूळच्या रोह्याच्या. अंगानं काटक, आवाज खणखणीत, आणि चालणं असं की आपण बरोबर असलो तर पळावंच लागे. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची आमची छाती नव्हती. त्यांची धाकटी बहीण लहानपणी गोवरानं गेली होती, एवढं त्या एकदा डोक्याला तेल लावता लावता बोलून गेल्या. तेल लावणारा हात थांबला नाही, पण त्या दिवशी माझी वेणी फार घट्ट बसली. कुणाला कणकण आली की त्या तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि ताप उतरेपर्यंत कुणाशी धड बोलायच्या नाहीत.

"माझा शब्द हाय" हे त्यांचं पालुपद. सहलीला पाठवायला बाप कां कूं करायला लागला, की "पोरगी सुखरूप येईल, माझा शब्द हाय." गणितात नापास झालेल्या मुलीची आई रडायला लागली, की "वार्षिकला पास होईल, माझा शब्द हाय." मग ती मुलगी पास होईपर्यंत बाई तिला जेवणाच्या ताटावरसुद्धा पाढे विचारायच्या. त्यांनी दिलेला शब्द खाली पडलेला आम्ही पाहिला नव्हता. खाडीकाठच्या गावांतून मुलींना शिकायला पेणला ठेवायची पद्धत तेव्हा फारशी नव्हती. आमच्या गावच्या लोकांनी मुली पाठवल्या त्या शाळेवर नाही, बाईंच्या शब्दावर.

मी सहावीत असताना पेणमधल्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी बाईंना एका लशीबद्दल सांगितलं. सरकारी दवाखान्यात गोवराची लस मिळे, पण गालगुंडाची मिळत नसे. ही बाहेरून आणावी लागणार होती. संस्थेच्या एका देणगीदारानं तिची सोय केली. प्रश्न होता आईबापांनी हो म्हणण्याचा. बाई कासूपासून धरमतरच्या खाडीपर्यंत गावोगाव हिंडल्या. आमच्या घरी आल्या तेव्हा बाबा मिठागरावरून नुकतेच आले होते, पायांवर चिखल वाळलेला. "लस घेतली की गालगुंड होणार नाय, माझा शब्द हाय," बाई म्हणाल्या आणि बाबांनी मान डोलावली. डॉक्टर मात्र तसं म्हणाले नव्हते. बहुतेक मुलींना होणार नाही, असं ते म्हणाले होते. त्यातलं "बहुतेक" बाईंनी पेणहून निघताना वाटेत कुठेतरी टाकून दिलं होतं.

मी आठवीत होते. थंडी सरत आली होती आणि पेणमधल्या शाळांत गालगुंडाची साथ सुरू झाली. वर्गात रोज दोन-चार बाकं रिकामी दिसायला लागली. बाईंनी खिशात चिंचेचा गोळा ठेवायला सुरुवात केली. शंका आली की "चाट गो" म्हणायच्या. चिंच चाटल्यावर जबड्यात कळ येऊन मुलीनं गाल धरला, की तिची वळकटी लगेच मागच्या खोलीत. आधी आजारी पडल्या त्या लस न घेतलेल्या मुली, म्हणजे ज्यांच्या घरच्यांनी बाईंना नाही म्हटलं होतं त्या. बाई मनातून थोड्या सुखावल्या असाव्यात, माणूसच त्या. मग एका सकाळी लस घेतलेल्या एका मुलीनं चिंच चाटली आणि ती मटकन खाली बसली. बाईंनी तिला पुन्हा चाटायला लावली. नंतर चिंचेचा गोळा हातात धरून त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

पेणमध्ये गालगुंडावर एक हुकमी उपाय होता आणि तो पेणशिवाय दुसरीकडे कुठे असेलसं वाटत नाही. गणपतीच्या कारखान्यात जायचं आणि मूर्तीच्या शाडूचा ओला लेप गालावर थापून घ्यायचा. देवाची माती ती, तिनं सूज उतरणार नाही तर कशानं? साथ आली तशी आया सुजल्या गालांची पोरं घेऊन एका म्हाताऱ्या कारागिराकडे जायला लागल्या. त्याच्या ओसरीवर पोरांची रांग लागे, एकाच घमेल्यातला लेप सगळ्यांच्या गालांवर, आणि सोबत आलेली धडधाकट भावंडं त्याच गर्दीत खेळत बसत. साथ आवरण्याऐवजी तिथूनच घरोघर जात होती. बाई तिथे गेल्या तेव्हा आम्हाला वाटलं, आता म्हाताऱ्याची खैर नाही. पण त्या त्याला एवढंच म्हणाल्या, "काका, माती आमच्याकडे पाठवा. लावायचं काम आम्ही करू, पोरी इकडे नको यायला." आणि खरंच आजारी मुलींच्या गालांना त्यांनी स्वतःच्या हातानं शाडू लावला. डॉक्टर हसले, तर म्हणाल्या, "मातीनं रोग जात नाय, ठाऊक हाय मला. पण पोरींना गार वाटतं. ते काय वाईट हाय?"

त्या मागच्या खोलीत मीही गेले. मीही लस घेतलेली. दोन्ही गाल सुजून चेहरा असा झाला की आरसा बघून मला रडू फुटलं, आणि रडल्यावर जबडा आणखीच ठणकला. ताप उतरला, सूज ओसरली. एका सकाळी बाई पेज घेऊन आल्या आणि दारातून मला हाक मारत राहिल्या. मी उजव्या कुशीवर, उजवा कान उशीत दाबून पडले होते. बाईंना वाटलं, झोपले आहे. जवळ येऊन बघतात तर माझे डोळे उघडे होते. मी भिंतीवरची पाल बघत होते.

बाईंनी पेजेचं भांडं खाली ठेवलं. मला उठवून बसवलं, उजव्या कानावर आपला तळवा दाबला आणि माझ्या डाव्या बाजूला जाऊन काहीतरी म्हणाल्या. त्यांचा श्वास मला मानेवर कळला, शब्द आला नाही. पुढे पेणचे आणि मग अलिबागचे डॉक्टर झाले. घरी सगळे मला सांगायचे, "येईल हळूहळू." मी तसं धरूनही चालले होते.

साथ ओसरल्यावर हिशेब स्पष्ट दिसत होता. लस न घेतलेल्या मुली जवळजवळ सगळ्या आजारी पडल्या, घेतलेल्यांतल्या मोजक्याच. रोह्याची सलमा, जिचे अब्बा कुवेतला होते, तीही लस घेतलेली, माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची, माझ्याच ताटात जेवायची. तिला काही म्हणजे काही झालं नाही. पण गावात कोण हे बघणार? गावात एकच बोललं गेलं: बाईंनी शब्द दिला, लस टोचली, आणि तरी पोरीचा कान गेला. काही बायका तर म्हणायला लागल्या, की कान लशीनंच गेला. उपकेंद्राच्या नर्सबाई तान्ह्या मुलांना टोचायला आल्या की दारं लागायला लागली. आमच्याकडेही तेच झालं. माझी धाकटी बहीण रंजू तेव्हा पाळण्यात होती आणि तिला गोवराची लस द्यायचे दिवस झाले होते. आई म्हणाली, एकीचं झालं तेवढं पुरे.

हे बाईंच्या कानावर गेलं आणि त्या पुन्हा गावोगाव निघाल्या. ह्या वेळी कुणी बोलावलं नव्हतं. आमच्या ओटीवर त्या बसल्या तेव्हा दाराशी शेजारच्या चार बायका येऊन उभ्या होत्या, आणि सगळ्यांच्या कडेवर पोरं होती. बाबा डोलवीच्या कंपनीत ठेक्यावर जायला लागले होते, त्या दिवशी शिफ्ट संपवून नुकतेच आले होते.

"हिचा डावा कान परत येणार नाय," बाई बाबांना म्हणाल्या. मी समोरच होते. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मला बाईंचा इतका राग आला की उठून आत जावंसं वाटलं. पण मी गेले नाही.

"मंग टोचून उपेग काय झाला, बाई?" बाबांनी विचारलं.

"सलमाला झाला, बाकीच्या पोरींना झाला. हिला नाय झाला. असं का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाय. कान गालगुंडानं गेला, लशीनं नाय. पण गालगुंड होणारच नाय, असं मी म्हटलं होतं ते खोटं होतं. डॉक्टर 'बहुतेक' म्हणाले होते. मी ते तुम्हाला बोलले नाय."

"का नाय बोल्लाव?"

"बोलले असते तर तुम्ही हो म्हटलं नसतं, असं वाटलं मला."

"नसताच बोल्लो," बाबा म्हणाले.

बाईंनी पाळण्याकडे बघितलं. "उद्या उपकेंद्रात गोवराची लस हाय. हिला न्या, एवढंच सांगायला आले."

आई आतून म्हणाली, "हिला गोवर येनार नाय, असा शब्द द्या मंग."

"नाय देत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका लहान झालेला कधी ऐकला नव्हता. "बहुतेक येणार नाय. टोचल्यावर जरा ताप येईल, रडेल. ह्यापुढचं मला सांगता येत नाय. माझी बहीण गोवरानं गेली, तेवढं मी डोळ्यांनी बघितलंय."

दाराशी उभ्या असलेल्या बायका बाबांकडे बघत होत्या. बाबांनी पायातली कंपनीची जड बुटं काढली, एकाशेजारी एक ठेवली.

"आता खरा बोल्लाव," ते म्हणाले आणि आईकडे वळले. "उद्या ने गो तिला. मी पन येतो."

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रावर आमच्या मागे त्यातल्या तीन बायका होत्या. चौथी आली नाही.

त्या वर्षाअखेर बाईंनी वसतिगृह सोडलं. संस्थेनं जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. त्या रोह्याला आपल्या भावाकडे राहायला गेल्या. माझा राग हळूहळू गेला. मी पुढे शिकले, नोकरीला लागले. लोक माझ्याशी कसं गोड गोड बोलून वेळ मारून नेतात हे कळायला लागलं, तशी मला बाईंची फार किंमत वाटायला लागली. अधूनमधून मी रोह्याला जायची. "माझा शब्द हाय" हे मात्र त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

त्या गेल्याचं कळलं त्या दिवशी रंजू माझ्याकडे आलेली होती, ती सोबत आली. बाईंना ओसरीवर ठेवलं होतं. बायका भोवती बसल्या होत्या, आम्हीही बसलो. रंजूनं डावीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण थोड्या वेळानं ती उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.

"ह्या तुझ्या कोण गो?" तिनं हळूच पुन्हा विचारलं.

"माझा कान गेला तेव्हा आपल्या घरी आल्या होत्या," मी म्हटलं. "तुझ्यासाठी."